गुरुजींचा पेनड्राइव्ह

गुरुजी दुकानात आले तेव्हा लाईट गेलेली. पाऊण तास बसून होते बिचारे, हातात रुमालात गुंडाळलेला पेनड्राइव्ह धरून, आणि मी चहा मागवला तर म्हणाले आधी हे बघ गा, मग चहा. खानापूरकडच्या एका खेड्यातले हे गुरुजी, तिथल्या मराठी शाळेच्या पहिल्या बॅचचे विद्यार्थी आणि पुढं त्याच शाळेत मास्तर. शाळा १९५३ ची, म्हणजे बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता तेव्हाची. २००३ ला शाळेला पन्नास वर्षं झाली तेव्हा त्यांनी खपून एक स्मरणिका काढली होती, छापलेल्या प्रती कुणाच्या घरी वाळवीनं खाल्ल्या, कुणाच्या घरी पावसात गेल्या, आणि आता माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरलाय तर ती परत छापायचीय. फाईल पेनड्राइव्हमध्ये आहे म्हणाले, पुतण्यानं जुन्या सीडीवरून काढून दिलीय.

लाईट आली, फाईल उघडली, आणि स्क्रीनवर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम, डॉलरची खूण, मधेच पौंडाची खूण, असं अख्खं पान. गुरुजी पुढं वाकून बघत होते. "गेलं की रं सगळं," म्हणाले, आणि खुर्चीत मागं टेकले.

मी बेळगावच्या शहापुरात गेली अठरा वर्षं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून छपाईची पानं लावायचं काम करतोय. लग्नपत्रिका, यात्रेची पोस्टरं, अर्ज, उताऱ्याची भाषांतरं. माझ्या शेजारच्या मशीनवर सावित्रीअक्का कन्नड टायपिंग करतात. असलं पान बघून रडकुंडीला आलेली माणसं आम्ही दोघांनी कितीतरी बघितलीत, आणि दर वेळी मला तेच सांगावं लागतं की काही गेलेलं नाही, अक्षरं आहेत तिथंच आहेत, फक्त ती वाचायचा तक्ता तुमच्या मशीनकडं नाहीये. गुरुजींना मी हे नीट समजावून सांगितलं, त्यांना आवडलं, म्हणाले हे लिहून काढ, म्हणून लिहितोय.

गुरुजींना मी तारेचं उदाहरण दिलं कारण त्यांनी तारा बघितल्यात, वाचून दाखवल्यात गावाला. पोस्टातून लग्नाची तार करायची असली तर ठराविक शुभेच्छांना नंबर दिलेले असायचे, तुम्ही फॉर्मवर नुसता नंबर लिहायचा, तारेतून जायचा तो नंबर, आणि पलीकडचा पोस्टमास्तर त्याच्याकडच्या यादीत बघून अख्खं वाक्य कागदावर उतरवून द्यायचा. वाक्य तारेतून गेलंच नाही, नंबर गेला. आता समजा पलीकडच्या पोस्टात यादी वेगळी असली तर? नंबर अगदी बरोबर पोचणार आणि लग्नघरी भलतंच वाक्य जाणार. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली पण ही गोष्ट काही बंद झालेली नाही, आज व्हॉट्सअॅपवर तुम्ही "आलो" लिहिता तेव्हाही जातात ते नंबरच.

कॉम्प्युटरला मुळात फक्त शून्य आणि एक कळतं, तारेत वीज आहे की नाही एवढंच, आणि असे आठ शून्य-एक मिळून झाला एक बाइट, त्यात ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. अमेरिकनांनी १९६३ मध्ये आस्की नावाचा तक्ता केला, सात बिटांचा, म्हणजे सात शून्य-एकांचा, १२८ घरांचा, कॅपिटल ए म्हणजे ६५, बी म्हणजे ६६, प्रश्नचिन्ह म्हणजे ६३, हे ६३ लक्षात ठेवा पुढं लागणार आहे. त्यात अ नव्हता, क नव्हता, आपलं काहीच नव्हतं. मग आपल्याकडं डीटीपी आलं तेव्हा फॉन्ट करणाऱ्यांनी एक युक्ती केली. तक्ता तोच ठेवला, चित्रं बदलली. म्हणजे फाईलमध्ये लिहिलेलं असतं इंग्रजी डी चा नंबर, पण त्या घरात फॉन्टनं क चं चित्र बसवलेलं, त्यामुळं स्क्रीनवर क दिसतो आणि छापूनही क येतो. त्या वेळी दुसरा मार्गच नव्हता, मी त्यांना नावं ठेवणार नाही, त्याच फॉन्टांवर आमच्या सीमाभागातली निम्मी मराठी छपाई झालीय. पण फॉन्ट गेला की क गेला, उरला डी. आणि प्रत्येक कंपनीची घरं वेगळी, एकाचा क डी वर तर दुसऱ्याचा क भलत्याच चिन्हावर.

तर गुरुजींच्या पानावर जो कचरा दिसत होता तो कचरा नव्हताच, ती स्मरणिकाच होती, भलत्या यादीनं वाचलेली.

फॉन्ट कुठला हे ओळखणं पहिलं काम. ते एकदा जमलं की त्याचा तक्ता घेऊन युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या आजच्या सामाईक तक्त्यात बदलता येतं, कन्व्हर्टर मिळतात, पण खरी मेहनत तिथून पुढं सुरू होते कारण जुन्या फॉन्टांत आपण अक्षर जसं दिसतं तसं टाइप करायचो, डावीकडून उजवीकडं, चित्र काढल्यासारखं. शिक्षक लिहायचं तर आधी पहिली वेलांटी, मग श. युनिकोडमध्ये मात्र आपण बोलतो त्या क्रमानं अक्षरं साठवली जातात, आधी श, मग वेलांटी, आणि ती डावीकडं काढायची हे काम दाखवणाऱ्या प्रोग्रामचं. म्हणून कन्व्हर्टरला प्रत्येक पहिली वेलांटी उचलून पुढच्या अक्षराच्या मागं नेऊन ठेवावी लागते. शि ला ते सोपं आहे. पण स्थिती? तिथं वेलांटी अर्धा स आणि थ दोन्ही ओलांडून न्यायला पाहिजे, आणि कन्व्हर्टर कच्चा असला तर एकच अक्षर ओलांडतो आणि होतं "सि्थती". तुम्ही बघितलं असेल इंटरनेटवर, "व्यकि्त", "शकि्त", जुन्या बातम्यांच्या साइटवर अजून पडलेलं आहे ते. रफाराचं उलटं, मार्ग मधला रफार जुन्या फाईलीत ग च्या नंतर येतो, तो उचलून ग च्या आधी आणायचा. गुरुजींची एकशे बारा पानं, मी पाच रात्री बसून प्रत्येक पान डोळ्यांनी वाचलं, कारण मशीन बदललेलं दाखवतं, बरोबर आहे की नाही ते दाखवत नाही.

पान नव्वदवर कन्व्हर्टरनं जे काढलं ते कुठल्याच भाषेत नव्हतं. मी डोकं धरून बसलो होतो, सावित्रीअक्कांनी मान वळवून मूळ फाईल बघितली आणि म्हणाल्या हे आमचंच की हो, कन्नड आहे. तिथं एका अधिकाऱ्यांचं कन्नडमधलं शुभेच्छापत्र छापलेलं होतं, दुसऱ्या फॉन्टमध्ये, पण फाईलीत त्याचेही तेच इंग्रजी अक्षरांचे नंबर, त्यामुळं माझ्या कन्व्हर्टरनं ते मराठी समजून बदलून टाकलं. बघा, म्हणजे त्या जुन्या फाईलीत मराठी आणि कन्नड एकाच घरात राहत होते, वेगळे ओळखायची खूण फक्त फॉन्टचं नाव.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते इथं येतं.

१९८८ मध्ये भारत सरकारच्या लोकांनी इस्की नावाचा तक्ता केला, १९९१ ला भारतीय मानक ब्यूरोनं तो मानक म्हणून काढला. त्यांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. आपल्या लिप्या दिसायला वेगळ्या असल्या तरी वर्णमाला एकच आहे, क ख ग घ सगळीकडं त्याच ओळीनं, मग कशाला वेगवेगळे नंबर, क ला एकच नंबर द्या, देवनागरी असो, कन्नड असो, आणि आता कुठली लिपी चालू आहे एवढं एका खुणेनं सांगा. कीबोर्डही तसाच, इन्स्क्रिप्ट. माझं क साठीचं बोट ज्या बटणावर पडतं त्याच बटणावर सावित्रीअक्कांचं क साठीचं बोट पडतं, आम्ही दोघं शेजारी बसून अठरा वर्षं एकच बटण दाबतोय.

त्याच १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच तक्त्यात जागा देणारी. त्यांनी आपल्या लिप्यांची मांडणी इस्कीवरूनच उचलली, फक्त प्रत्येक लिपीला स्वतःची १२८ घरांची गल्ली दिली. आधी देवनागरी, मग बंगाली, गुरुमुखी, गुजराती, उडिया, तमिळ, तेलुगू आणि मग कन्नड. सात गल्ल्या ओलांडल्या की कन्नड, सात गुणिले १२८ म्हणजे ८९६. आपला क २३२५ नंबरच्या घरात, कन्नडचा क ३२२१ मध्ये, फरक ८९६. आपला ग २३२७, त्यांचा ३२२३, फरक ८९६. ज्या ळ वरून आपण दोघंही हिंदीवाल्यांना ओळखू येतो तो ळ आपल्यात २३५५, त्यांच्यात ३२५१, परत ८९६. मी हे पहिल्यांदा कॅल्क्युलेटरवर करून बघितलं तेव्हा उठून अक्कांना दाखवलं, आणि मग आम्ही दोघांनी बिलाच्या पाठीवर अख्खी बाराखडी लावली.

पण हे २३२५ जातं कसं, बाइटमध्ये तर २५५ च्या वर मावत नाही. त्यासाठी यूटीएफ-८. १९९२ च्या सप्टेंबरमध्ये न्यू जर्सीतल्या एका हॉटेलात जेवता जेवता केन थॉम्पसन या कॉम्प्युटर शास्त्रज्ञानं ताटाखाली घालायच्या कागदावर ही पद्धत मांडली, समोर त्याचा सहकारी रॉब पाइक बसलेला. आज इंटरनेटवरचं बहुतेक सगळं लिखाण याच पद्धतीनं जातं. समजून घ्यायचं तर आमच्याकडं ऊसतोडीच्या हंगामात रस्त्यावर काय दिसतं ते आठवा. पुढं ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. इंग्रजी अक्षर म्हणजे एकटी स्कूटर, एका बाइटमध्ये काम. मराठी अक्षराला तीन बाइट लागतात, पहिला बाइट ट्रॅक्टर, तो सुरुवातीलाच १११० असा हॉर्न देतो, म्हणजे मी धरून तीन वाहनं आहेत, मागं दोन ट्रॉल्या येताहेत, आणि प्रत्येक ट्रॉलीच्या पुढं १० अशी पाटी. म्हणून मधूनच कुणी रस्त्यावर येऊन उभा राहिला तरी त्याला कळतं की ही ट्रॉली आहे, ट्रॅक्टर पुढं गेलाय, आणि पुढचा हॉर्न ऐकेपर्यंत थांबायचं. ट्रॅक्टर नसलेली ट्रॉली किंवा ट्रॉल्या पुऱ्या नसलेला ट्रॅक्टर सापडला की मशीन तिथं काळ्या चौकटीतलं ते पांढरं प्रश्नचिन्ह काढतं. फॉर्म भरताना नाव बाइट मोजून कापलं जातं ना, तेव्हा शेवटी दिसतं ते हेच, शेवटच्या अक्षराची एक ट्रॉली मागं राहिलेली असते.

आपल्या क चे तीन बाइट म्हणजे २२४, १६४, १४९. कन्नडच्या क चे २२४, १७८, १४९. पहिला तोच, शेवटचा तोच. ळ बघा, आपला २२४, १६४, १७९ आणि त्यांचा २२४, १७८, १७९. मधल्या ट्रॉलीत फक्त १४ चा फरक. आणि हे सगळ्या अक्षरांना लागू, कारण ८९६ म्हणजे ६४ गुणिले १४ आणि शेवटच्या ट्रॉलीत ६४ च घरं मावतात. बेळगावातून मी एक शब्द मराठीत सोडला आणि अक्कांनी तोच कन्नड लिपीत सोडला तर त्या वायरीतून जाणाऱ्या आकड्यांत एवढाच फरक असतो, दर अक्षरामागं मधल्या आकड्यात चौदा. आमच्या भागात भाषेवरून जे काही होतं, ज्या पाट्या लागतात आणि निघतात, त्यात वाढलेल्या माणसाला हे बघून काय वाटतं ते मला नीट सांगता येत नाही. मला फार बरं वाटलं होतं एवढंच सांगतो.

म्हणून एका रविवारी मी प्रयोग केला, कन्नड मजकुरातून नुसते ८९६ वजा करायचे आणि मराठीत काय येतं बघायचं. गावांची नावं घातली. पुष्कळशी सुरेख आली. पण त्यांच्या बेळगावीचं झालं "बॆळगावि". ती ब वरची वेगळी मात्रा दिसतेय ना, तो ऱ्हस्व ए. कन्नडमध्ये ए दोन, ऱ्हस्व आणि दीर्घ, ओ पण दोन, आणि आपल्याकडं एकच, पण युनिकोडनं देवनागरीच्या गल्लीतही त्या ऱ्हस्व ए साठी घर राखून ठेवलंय, द्राविडी भाषा देवनागरीत लिहायला लागल्या तर लागेल म्हणून. घर आहे, आपल्यापैकी कुणी राहत नाही.

याच्याही पुढची गंमत ऱ ची. दुसऱ्या, शेतकऱ्यांना, सुऱ्या, कऱ्हाड, यात जो आडवा अर्धा र आपण लिहितो तो मराठीची ओळख, हिंदीत नाही. तो टाइप करायला आपण ज्या ऱ चा आधार घेतो, खाली टिंब असलेला, घर नंबर २३५३, त्याच्यापुढं युनिकोडच्या तक्त्यात काय टीप दिलीय तर द्राविडी भाषांतला दातांच्या मुळाशी म्हटला जाणारा र लिहिण्यासाठी. ८९६ मिळवा, ३२४९, तिथं कन्नडचा एक र बसलाय. मी अक्कांना दाखवला तर त्या म्हणाल्या हा शकटरेफ, हळेगन्नडातला, म्हणजे जुन्या कन्नडातला, आता कोणी लिहीत नाही, आम्ही शाळेत फक्त नाव ऐकलं. म्हणजे कन्नड माणसानं सोडून दिलेल्या जुन्या अक्षराचा जोडीदार आज मराठी माणूस रोज दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात वापरतोय. मला तरी याहून सुंदर काही माहीत नाही या सगळ्या तक्त्यात.

पण त्यात एक खोच आहे. हाच आडवा र दुसऱ्या एका पद्धतीनंही काढता येतो, साधा र, हलन्त म्हणजे पाय मोडायची खूण, आणि एक न दिसणारं जोडचिन्ह, नंबर ८२०५. डोळ्यांना दोन्ही सारखेच. मशीनला दोन वेगळे शब्द. तुम्ही यादीत "शेतकऱ्यांची" शोधता आणि सापडत नाही, समोर दिसत असूनही, तर नव्वद टक्के वेळा हे असतं. माझी विनंती आहे, निदान एका गावच्या, एका सोसायटीच्या याद्यांत तरी एकच पद्धत ठेवा.

स्मरणिकेची फाईल झाली. गुरुजी खूश होते, घरचे फणसाचे गरे घेऊन आले. म्हणाले आता मेळाव्याचं आमंत्रण सगळ्यांना पाठवायचं, पण एसएमएसनं, कारण त्यांच्या वयाच्या बऱ्याच लोकांकडं बटणांचेच फोन आहेत. एका एसएमएसमध्ये १४० बाइट जातात, पक्कं ठरलेलं आहे ते. इंग्रजीला सात बिटांचा तक्ता पुरतो म्हणून त्यात १६० अक्षरं बसतात. मराठीचं एक जरी अक्षर आलं तरी अख्खा मेसेज दोन बाइटांच्या पद्धतीवर जातो आणि बसतात ७०. आणि ७० च्या वर गेलं की तुकडे, तुकडे परत जोडायची खूण प्रत्येकात घालावी लागते म्हणून तुकड्याला ६७ च. शिवाय इथं अक्षर म्हणजे आपण म्हणतो ते अक्षर नव्हे, क्षेत्र मध्ये आपण दोन मोजतो, मशीन सात मोजतं, क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र. गुरुजींचा मजकूर भरला १३८. दोन तुकड्यांत मावतात १३४. चार जास्त, आणि त्या चारांपायी प्रत्येकाला तिसऱ्या मेसेजचे पैसे. मी म्हटलं देवळाच्या नावाआधीचा श्री काढूया, स्पेस धरून पाच सुटतील. गुरुजी म्हणाले देवाचा श्री नाही काढायचा. मग आम्ही "आपण" काढलं, आ, प, ण आणि स्पेस, बरोब्बर चार, झाले १३४.

पेनड्राइव्हमध्ये अजून एक फाईल होती. पहिल्या बॅचची यादी, मूळ हजेरीपुस्तकावरून. पुस्तक आता नाहीये. ही फाईल पुतण्यानं चारेक वर्षांमागं युनिकोडमध्ये टाइप केलेली, म्हणजे आधीच्या फाईलीपेक्षा चांगली असायला पाहिजे, मी निर्धास्तपणे उघडली, आणि पानभर प्रश्नचिन्हं.

???????? ?????? ?????

अशा एक्केचाळीस ओळी. पुढं जन्मतारखा मात्र स्वच्छ, कारण त्या त्यानं इंग्रजी आकड्यांत लिहिल्या होत्या.

हे बघून मात्र माझ्या पोटात गोळा आला. अक्षरांच्या जागी चौकोनी डब्बे दिसले तर काही नाही, मशीनवर फॉन्ट नाही एवढंच. इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसला तरी घाबरू नका, जुना फॉन्ट असेल, किंवा दर दोन खुणांआड डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा ए येत असेल तर यूटीएफ-८ चे बाइट सुटे सुटे वाचले जाताहेत, तो ए म्हणजे आपला २२४ नंबरचा ट्रॅक्टर. आकडे आत शाबूत आहेत, काढता येतात. पण प्रश्नचिन्हं आली म्हणजे कुणीतरी ती फाईल जुन्या तक्त्यात सेव्ह केली, त्या तक्त्यात आपली अक्षरं नाहीत, मग मशीननं प्रत्येक अक्षराच्या जागी ६३ लिहून टाकला. २३२५ होता तिथंही ६३, २३५५ होता तिथंही ६३. आत काही लपलेलं नाही. खरंच गेलं ते. सेव्ह करताना मशीन एक सूचना दाखवतं, काही अक्षरं जातील म्हणून, आणि आपण सगळे तिथं न वाचता ओके दाबतो. कळकळीनं सांगतो, तिथं यूटीएफ-८ निवडा, दोन सेकंदांचं काम आहे.

गुरुजींना मी तसंच सांगितलं. ते काही बोलले नाहीत. मग विचारलं, "एका अक्षराला एक खूण टाकलीय म्हणतोस?" होय म्हटलं, मात्रेला वेगळी, हलन्ताला वेगळी, अनुस्वाराला वेगळी. "आणि मधल्या मोकळ्या जागा?" त्या आहेत तशा, स्पेस जुन्या तक्त्यातही होती. ते खिशातलं पेन काढून बोटानं स्क्रीनवर मोजायला लागले. एक, दोन, तीन, आठ. "साल सत्तेचाळीस. आठ खुणा." थोडा वेळ थांबले. र, उकार, क, हलन्त, म, वेलांटी, ण, वेलांटी. "ही रुक्मिणी. त्या वर्गात एकटीच पोरगी होती."

मी उठून त्यांना माझी खुर्ची दिली.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आणि पुढचे दोन दिवस ते येत होते, खानापूरच्या पहिल्या बसनं. यल्लाप्पाला नऊ खुणा, कल्लाप्पालाही नऊ, आणि दोघंही वर्गात होते, मग जन्मसालावरून, वडिलांच्या नावाच्या खुणांवरून. आम्ही दोघं आकडेमोड करायचो आणि अक्का मधेच येऊन बघून जायच्या. आम्ही रोज आधार नंबर टाइप करतो, त्यातला शेवटचा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून काढलेला असतो, एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटेपालटे झाले तर लगेच कळतं. दुकानातला पैसे भरायचा क्यूआर कोड तेलकट हातांनी कोपऱ्यात खराब झालाय तरी स्कॅन होतो, कारण त्यात जास्तीचे आकडे भरून ठेवलेले असतात, पडलेली जागा उरलेल्यावरून भरून काढायला. माणसांच्या नावाला असं काही जोडलेलं नसतं. तारीख, स्पेस आणि गुरुजी, एवढंच होतं.

एका आडनावापाशी ते अडले. नऊ खुणा येत होत्या आणि त्यांना वाटत होतं तो कऱ्हाडकर, पण कऱ्हाडकर मोजला तर आठच भरतात. दोनदा मोजलं. मग माझ्या लक्षात आलं, पुतण्यानं आडवा र दुसऱ्या पद्धतीनं काढला असणार, न दिसणारं जोडचिन्ह घालून. त्याचीही एक खूण पडली. नऊ. गुरुजींनी टेबलावर हात मारला.

एक्केचाळीसपैकी अडतीस लागले. उरलेल्या तिघांसाठी ते गावोगाव फिरून आले, दोन कळले. एकाचं कळेना, पाच खुणा, सात खुणा, पाच खुणा, जन्म १९४६. ओळ काढून टाकू का विचारलं तर नको म्हणाले. छापताना ती प्रश्नचिन्हं तशीच ठेवायची, जेवढी आहेत तेवढीच, एकही कमीजास्त नाही, मेळाव्याला कुणीतरी मोजेल. पान कालच प्रिंटला गेलं. पाठवायच्या आधी मी त्या सतरा खुणा दोनदा मोजल्या.